बंब येईपर्यंत

नरकचतुर्दशीच्या पहाटे ज्याच्या तोटीखाली आपण तांब्या धरतो तोही बंब, आणि घंटा घणघणवीत रस्त्याने धावतो तोही बंबच. मराठीने या दोघांना एकच नाव द्यावे यात मोठी मौज आहे. एकाच्या पोटात विस्तव आणि भोवती पाणी. दुसऱ्याच्या पोटात पाणी आणि पुढ्यात विस्तव! हा शब्द पोर्तुगिजांच्या 'बोंबा' म्हणजे पंप या शब्दावरून आला असे समजतात. मराठी कानाला त्यात बोंबही ऐकू येते, आणि तेही काही गैर नाही; कारण आग लागली की माणूस पहिल्याने तीच मारतो.

न्हाणीघरातला तांब्याचा बंब आता बहुतेक घरांतून माळ्यावर गेला. रस्त्यावरचा बंब मात्र दिवसेंदिवस मोठा आणि तालेवार होत चालला आहे. तरीही त्याच्याविषयी आपल्याला माहिती फार थोडी. तो येतो तेव्हा आपण आगीकडे पाहत असतो आणि तो जातो तेव्हा राखेकडे. तो कोठून आला, किती वेळात आला, त्याच्याबरोबर कोण कोण होते, हे विचारायला सवड कोणाला?

मी शाळेत इतिहास शिकवतो. एकदा गडकिल्ल्यांचा पाठ चालू असताना एका मुलाने विचारले, "सर, किल्ले जागोजाग बांधले तसे बंबही जागोजाग का ठेवतात? सगळे एकाच ठिकाणी ठेवले तर मोठी फौज नाही का होणार?" प्रश्न मला फार आवडला. त्याच्या उत्तरासाठी मी पुस्तके चाळली, मुंबईतल्या एका अग्निशमन केंद्रावर जाऊन तेथल्या माणसांशी बोललो, आणि ध्यानात आले की या एका प्रश्नाच्या पोटात मुंबई शहराचा दोनशे वर्षांचा इतिहास दडलेला आहे.

उत्तराचे सार आधीच सांगून टाकतो. आगीशी लढाई पाण्याची नसते, वेळेची असते. ठिणगी असते तेव्हा ती चपलेखाली चिरडता येते. जरा वेळाने दोन घागरी लागतात. आणखी जरा वेळाने दोन बंबही पुरत नाहीत. म्हणून शहराने अग्निशमनाची जी जी व्यवस्था केली, ती सारी 'बंब येईपर्यंत'चा काळ कसा आखूड करावा, या एकाच काळजीतून केली आहे. आणि दुःखाची गोष्ट अशी की त्या व्यवस्थेतला बराचसा भाग एखाद्या आगीने आधी किंमत वसूल केल्यावरच तयार झाला आहे.

ही काळजी आपल्याकडे नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराच्या कारभाराविषयी एक प्रकरण आहे. त्यात प्रत्येक घरी आगीसाठी कोणते सामान असावे याची यादीच दिलेली आहे. पाण्याचे पाच घडे, मोठा रांजण, द्रोणी, शिडी, कुऱ्हाड, सूप, आकडा, छपराचे गवत ओढून काढण्याचे हत्यार आणि कातड्याची पखाल. हे सामान ठेवले नाही तर दंड. रस्त्यांवर, चौकांत आणि वेशींपाशी पाण्याने भरलेल्या भांड्यांच्या ओळी हजारांनी मांडून ठेवाव्यात, असेही सांगितले आहे. सर्वांत मौजेचा नियम पुढेच आहे. आग लागली असता जो घरमालक विझवायला धावत जाणार नाही त्याला १२ पण दंड, आणि भाडेकरू गेला नाही तर त्याला ६ पण! म्हणजे त्या नगरात स्वतंत्र अग्निशमन दल नव्हते. सारे नगर हेच दल होते.

गाव लहान असते तोवर हे चालते. पण घरांना घरे टेकली, मजल्यांवर मजले चढले, गोदामे भरली की शेजाऱ्यांच्या घागरी अपुऱ्या पडू लागतात. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ च्या फेब्रुवारीत पेटला तो सात दिवस धुमसत राहिला. ज्या वाड्यातून एका काळी हिंदुस्थानची सूत्रे हलली, त्याची लाकडी दौलत अशी राख झाली. दगडी तट आणि जोती तेवढी उरली. ती आपण आजही पाहतो.

मुंबईला हा धडा त्याआधीच मिळाला होता. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी कोटात, म्हणजे आजच्या फोर्ट भागात, प्रचंड आग लागली. तटाच्या आत दाटीवाटीने बांधलेली घरे, लाकडाचे काम आणि मालाने भरलेल्या वखारी. मग काय विचारता! कोटातल्या वस्तीचा मोठा भाग जळाला. आग पुढे सरकू नये म्हणून काही घरे मुद्दाम पाडावी लागली. त्या काळी एवढाच उपाय हाती होता: जळते ते वाचवायचे नाही, जे जळणार आहे ते आधीच पाडायचे. त्या आगीनंतर कोटाबाहेरच्या वस्तीला जोर आला आणि शहर उत्तरेकडे पसरू लागले. मुंबईचा नकाशा काही अंशी त्या आगीने आखला, असे म्हणायला हरकत नाही.

तरीही नियमित दल उभे राहायला अर्धे शतक जावे लागले. १८५५ पासून मुंबईत घोड्यांनी ओढायचे बंब आले आणि ते चालवण्याचे काम पोलिसांकडे सोपवले गेले. चोर पकडणाऱ्याच शिपायाने आगही विझवायची, असा हा दुहेरी संसार होता. त्यात दुसरी अडचण पाण्याची. बंब म्हणजे तर पंप. पाणी त्याने आणायचे कोठून? विहिरींतून आणि तलावांतून. धोबीतलाव, गोवालिया टँक ही नावे उरली, तलाव बुजले. १८६० मध्ये विहारचे पाणी नळाने शहरात आले आणि १८९२ मध्ये तानशाचे. मुंबईकरांनी ते पाणी पिण्यासाठी म्हणून वाखाणले. पण नळ रस्त्याखालून धावू लागला म्हणजे बंबाला चौकाचौकात पाणी भेटू शकते, ही त्यातली दुसरी कमाई होती. गंमत अशी, की गोवालिया टँकच्या नावाचे अग्निशमन केंद्र आजही त्या भागात आहे. जेथे गवळी गुरांना पाण्यावर नेत, तेथे आता पाण्याच्या गाड्या उभ्या असतात.

१८८७ मध्ये मुंबईचे स्वतंत्र अग्निशमन दल उभे राहिले, आणि १८८८ च्या महापालिका कायद्याने शहरातल्या जीविताचे व मालमत्तेचे आगीपासून रक्षण करणे हे महापालिकेचे काम ठरले. १८९० मध्ये लंडनच्या दलात तयार झालेले निकोल्स नावाचे अधिकारी प्रमुख म्हणून आले. लंडनच्या शिस्तीची मुळे एडिंबरोत होती. तेथे १८२४ मध्ये जेम्स ब्रेडवुड नावाच्या तरुणाने शिकवलेल्या माणसांचे दल बांधले. रस्त्यात उभे राहून धुरावर पाणी उडवण्यात अर्थ नाही, आत शिरून आगीचे मूळ गाठले पाहिजे, हा त्याचा दंडक. १८३३ मध्ये तो लंडनला गेला आणि १८६१ मध्ये टूली स्ट्रीटच्या गोदामांच्या आगीत भिंत अंगावर कोसळून तेथेच गेला. त्या गोदामांत ताग होता आणि कापूसही होता. मुंबई तर कापसाचेच शहर! आत शिरण्याची ती शिस्त निकोल्ससारख्यांच्या हातून आपल्याकडे आली. आणि तिची किंमतही तिच्याबरोबरच आली, हे पुढे दिसेल.

१९०७ मध्ये पहिला मोटारबंब आला आणि घोड्यांचे दिवस सरले. आता मुलाच्या प्रश्नाकडे वळू. भायखळ्याला दलाचे मुख्यालय आहे. पण सारे बंब तेथे नाहीत. कुलाबा, फोर्ट, मांडवी, मेमनवाडा, दादर, वडाळा अशी केंद्रे शहरभर विखुरलेली आहेत, आणि उपनगरे वाढली तशी तीही वाढली. प्रत्येक केंद्राला आपला मुलूख नेमून दिलेला असतो. तेथल्या गल्ल्या, गोदामे, पाण्याच्या जागा त्या माणसांना पाठ असाव्या लागतात. किल्लेदाराला आपला घेर माहीत असतो, तसेच हे. एका केंद्राची गाडी कामावर गेली तर तो मुलूख उघडा पडू नये म्हणून शेजारच्या केंद्राने सांभाळायचा. तेव्हा मोठी फौज एका ठिकाणी ठेवण्यापेक्षा लहान लहान ठाणी जवळ जवळ ठेवणे शहाणपणाचे. कारण आग फौजेला भीत नाही, लवकर येणाऱ्याला भिते.

मी ज्या केंद्रावर गेलो होतो तेथे पहिल्याने नजरेत भरली ती शांतता. फरशी धुतलेली, गाड्यांची तोंडे रस्त्याकडे, आणि एका ओळीत बूट. रत्नागिरीकडचे एक जुने अग्निशामक होते. ते म्हणाले, "मास्तर, आमच्याकडे घाई नसते. घाई केली की वेळ जातो." याचा अर्थ त्यांनी मला गाडीजवळ नेऊन दाखवला. घंटा झाली की कोणी कोणती जागा घ्यायची हे सकाळीच ठरलेले असते. चालक पंपही सांभाळतो, म्हणून त्याला यंत्रचालक म्हणतात. एकाने होज, म्हणजे पाण्याची कापडी नळी, उलगडायची. एकाने तिच्या टोकाला तोटी जोडायची. एकाने पाण्याची जागा गाठायची. प्रमुखाने मात्र हात न लावता आधी पाहायचे. होजच्या गुंडाळ्या अशा घातलेल्या असतात की एक टोक धरून फेकली की ती आपोआप सरळ पळत जाते. शिडी, कुऱ्हाड, दोर, पहार, दिवे, श्वासाची हवा भरलेली नळकांडी, सारे ठरलेल्या कप्प्यात. रात्री वीज गेली तरी हात तेथेच गेला पाहिजे. आपल्या घरी पूजेच्या ऐन वेळी काडेपेटी सापडत नाही, ते मला आठवले आणि मी गप्प राहिलो.

गाड्यांच्याही जाती असतात. पहिल्याने धावतो तो साधा बंब. त्याच्या पोटात थोडे पाणी असते, म्हणजे नळ सापडेपर्यंत हात रिकामे राहत नाहीत. मागून पाण्याचे मोठे टँकर येतात. तेल पेटले असेल तर पाण्याचा उपयोग नाही. तेल पाण्यावर तरंगते आणि पेटतेच, म्हणून फेस सोडणारी गाडी लागते. कोसळलेल्या इमारतीतून माणसे काढायला वेगळी गाडी. उंच मजल्यांसाठी फिरत्या शिड्या आणि यंत्राने वर चढणारे मनोरे. मुंबईच्या दलात ९० मीटरपर्यंत पोहोचणारा मनोराही दाखल झाला. परंतु ही लांबलचक शिडी उभी करायला खाली रुंद जागा लागते. जागा नसेल तर करोडोंची शिडी रस्त्याच्या कोपऱ्यावर उभी राहून नुसती पाहत राहते.

मग प्रश्न उरतो तो असा की कोणत्या आगीला किती गाड्या धाडायच्या? सगळ्याच धाडल्या तर बाकीचे शहर उघडे पडते. कमी धाडल्या तर आग हाताबाहेर जाते. म्हणून आगींची प्रतवारी असते. मुंबईत पहिल्या ते चौथ्या श्रेणीपर्यंत वर्दी वाढत जाते, आणि त्याहून भयंकर प्रसंग असेल तर 'ब्रिगेड कॉल' देतात. जागेवर पोहोचलेल्या अधिकाऱ्याचे पहिले काम पाणी मारणे नव्हे. आगीचा अंदाज घेऊन नियंत्रण कक्षाला नेमका शब्द कळवणे, हे होय. हा शब्द किती मोलाचा असतो याची साक्ष मुंबईच्या गोदीत मिळाली.

१४ एप्रिल १९४४, शुक्रवार. दुसरे महायुद्ध चालू होते. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाचे जहाज लागले होते. त्यात सुमारे १,४०० टन दारूगोळा, कापसाच्या गासड्या, लाकूड, तेलाची पिंपे आणि सोन्याच्या विटा असा विलक्षण संसार एकत्र भरला होता. दुपारी दोनच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या कोठीतून धूर दिसला. गोदीवर पहाऱ्याला असलेल्या अग्निशामकांच्या नायकाने माणूस पिटाळला, की नियंत्रण कक्षाला टेलिफोनवरून मोठ्या धोक्याचा ठरलेला संकेत दे. तो माणूस धावत गेला तर टेलिफोनला तबकडीच नव्हती! मग त्याने जवळची काच फोडून आगीची घंटा वाजवली. पण वाचकहो, काचेमागची घंटा आग कोठे आहे एवढेच सांगते. ती केवढी आहे, तिच्या शेजारी काय ठेवले आहे, हे तिला सांगता येत नाही. नेहमीच्या रिवाजाप्रमाणे आधी दोनच पंप आले. तेथे पोहोचल्यावर जहाजात काय आहे हे कळले, खरा संकेत गेला आणि आणखी पंप धावले.

तोवर कापूस आतून धुमसत होता. गासडी ही मोठी लबाड चीज. वरून पाणी मारले तर बाहेरचा कापूस भिजतो आणि आतला जळतच राहतो. जहाजात ९०० टनांवर पाणी ओतले गेले. त्याबरोबर जळत्या गासड्याच पाण्यावर तरंगत वर, दारूगोळ्याकडे सरकल्या. जहाज बुडवावे की बाहेर न्यावे, हे ठरवणारा एक माणूस तेथे नव्हता. कप्तान होता, गोदीचा अधिकारी होता, लष्करी तज्ज्ञ होता, अग्निशमन दलाचे प्रमुख होते. अधिकार वाटलेला होता आणि वेळ मात्र एकच होती. ती चार वाजून सहा मिनिटांनी संपली. स्फोटाची नोंद सुमारे १,७०० किलोमीटरांवरच्या सिमल्याच्या भूकंपमापकावर झाली. अर्ध्या तासाच्या आतच दुसरा स्फोट झाला. जळत्या गासड्या आकाशातून मांडवीच्या वस्तीवर पडल्या. सरकारी आकड्यांप्रमाणे सातशेंहून अधिक माणसे गेली. इतर अंदाज याहून पुष्कळ मोठे आहेत. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले.

त्या दिवशी ६६ अग्निशामक गेले. धूर वाढत होता तेव्हाही ते होज धरून धक्क्यावर आणि जहाजावर उभे होते. उडालेल्या सोन्याच्या विटांच्या गोष्टी मुंबईच्या घराघरांत सांगितल्या जातात. या ६६ जणांची गोष्ट तेवढी सांगितली जात नाही. म्हणून १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात, हे मुलांना आवर्जून सांगावे.

स्वातंत्र्यानंतर, १९४८ मध्ये, एम. जी. प्रधान हे दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. शहर वाढले, बिनतारी संदेश आले, '१०१' हा क्रमांक मुलांच्या तोंडी झाला, दलात स्त्रियाही दाखल झाल्या. टेलिफोनला तबकडी नाही म्हणून अडण्याचे दिवस गेले. पण गल्ल्या होत्या तेवढ्याच रुंद राहिल्या. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या जुन्या हनुमान गल्लीतील गोकुळ निवास या इमारतीला आग लागली. चिंचोळी गल्ली आणि जुने बांधकाम. रहिवासी बाहेर आले. अधिकारी आत होते, आणि इमारतीचा भाग कोसळला. संजय राणे, महेंद्र देसाई, सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर असे चार अधिकारी त्या आगीने घेतले. चौघेही मोठ्या हुद्द्यांचे. हुद्दा मोठा झाला म्हणून त्यांनी आत जायचे सोडले नव्हते. ब्रेडवुडने घालून दिलेला दंडक तो हाच, आणि त्याची किंमतही हीच.

तेव्हा त्या मुलाला मी उत्तर दिले ते असे: "बाळ, बंब जवळ ठेवतात, कारण वेळ विकत मिळत नाही. शहर पैसे खर्चून केंद्र जवळ आणू शकते, गाडी वेगवान करू शकते, शिडी उंच करू शकते. पण शेवटचे शंभर पावलांचे अंतर शहराच्या हातात नसते. ते तुझ्या आणि माझ्या गल्लीत असते."

हे शेवटचे अंतर आपणच अडवून ठेवतो. जिन्याखाली रद्दी आणि जुनी कपाटे. गच्चीच्या दाराला कुलूप. फाटकासमोर दुहेरी रांगेत मोटारी. महाराष्ट्राच्या २००६ सालच्या अग्निप्रतिबंधक कायद्याने इमारतीतली आगीची साधने चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर आणि वापरणाऱ्यावर टाकली आहे, आणि दर जानेवारीत व जुलैत तसा दाखला देण्याचे बंधन घातले आहे. कौटिल्याचे पाच घडे दोन हजार वर्षांनी असे पुन्हा दाराशी आले. दाखला फायलीत आणि नळ गंजलेला, असे मात्र होता कामा नये.

दिवाळी म्हणजे दिव्यांचा सण. या दिवसांत अग्निशमन केंद्रांत घंटेला विसावा थोडा, आणि तेथल्या कित्येकांचा फराळ डब्यात तसाच राहतो. त्यांच्यासाठी आपण करावे असे फार थोडे आहे. फटाक्याजवळ पाण्याची बादली ठेवावी. पणती पडद्यापासून दूर लावावी. पाळी आलीच तर १०१ वर आधी पत्ता सांगावा, मग जवळची खूण, काय जळते आहे ते, आणि आत कोणी अडकले आहे का ते, रडणे त्यानंतर. एकाने गल्लीच्या तोंडाशी उभे राहून वाट दाखवावी. आणि आज संध्याकाळी पणत्या लावायला खाली उतराल तेव्हा आपल्या फाटकासमोर एक बंब वळू शकेल एवढी जागा आहे की नाही, तेवढे पाहून ठेवावे.